एका रात्रीत राजवाडा

गणपतीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात माळा आवरायची टूम निघते. माळा आवरायचा म्हणजे माळ्यावरच्या वस्तू खाली काढायच्या, धूळ झटकायची, शिंकायचं, "हे कशाला ठेवलंय?" असं एकमेकांना विचारायचं आणि सगळं होतं तसं परत वर चढवायचं. यंदा स्टुलावर उभा राहून मी आत हात घातला. आधी वातीचा स्टोव्ह लागला, मग पाळण्याची दोरी, आणि मग काहीतरी हलकं, चौकोनी, कुरकुरणारं. ओढून बाहेर काढलं तर थिबा राजवाडा.

खरा नव्हे. खरा आहे तिथेच आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. हा थर्माकोलचा. पश्चिमेची बाजू उंदरांनी कुरतडलेली, वरच्या मजल्याच्या अर्धगोल खिडक्यांपैकी तीन गळालेल्या, आणि खाली पुठ्ठ्यावर, माझ्याच हातचं पण मुद्दाम वाकडंतिकडं काढलेलं अक्षर : "इयत्ता चौथी ब, हजेरी क्रमांक १७".

"द्या आता टाकून," स्टूल धरून उभी असलेली सौ. म्हणाली. "सतरा नंबर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली."

टाकायचा म्हणजे काय! या राजवाड्यासाठी मी एक रात्र जागलोय. त्यातल्या भिंती माझ्या, खिडक्या माझ्या, आणि श्रेणी अ-२, तीही माझी.

तसं पाहिलं तर मी प्राथमिक शाळा तीनदा केली आहे. एकदा माझी, एकदा लेकीची, एकदा चिरंजीवांची. पहिल्या खेपेला फार सोपी होती. आमच्या वेळी कार्यानुभव म्हणजे भेंडी मधोमध कापायची, रंगात बुडवायची आणि कागदावर ठसे मारायचे. वडिलांचा संबंध एवढाच की भेंडी त्यांनी बाजारातून आणलेली असायची. मी कितवीत आहे हे त्यांना निकालाच्या दिवशी समजायचं, आणि त्यांचा आकडा बऱ्याचदा एकाने मागे असायचा. "चौथी झाली का रे?" असं त्यांनी विचारलं तेव्हा माझी पाचवी झाली होती.

मग शिक्षणहक्काचा कायदा आला आणि २०१० साली आपल्याकडे "सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन" सुरू झालं. लेक तेव्हा अजून बालवाडीत बसत होती, त्यामुळे ते आम्हाला ऐन भरात सापडलं. पोरांच्या डोक्यावरचं परीक्षेचं ओझं कमी करायचं, त्याऐवजी उपक्रम, प्रकल्प, कृती. उद्देश उत्तमच होता. ओझं कमी झालंच, कारण ते आमच्या डोक्यावर आलं. नावातलं "सातत्यपूर्ण" मला जूनमध्येच कळलं, आणि "सर्वंकष" दिवाळीपर्यंत.

आमच्या घरात वाईट बातम्या ताकभातावर येतात. आमटीभात होतो, भाजी होते, शाळेबद्दल विचारावं तर "काही नाही" असं उत्तर मिळतं. शेवटचा ताकभात कालवला की मग पोर खाली मान घालून बोलायला लागतं.

"बाबा, उद्या बाईंनी कोळ्यांची वस्ती आणायला सांगितलीय."

"उद्या? कधी सांगितलं बाईंनी?"

"मागच्या सोमवारी."

घड्याळात नऊ वाजलेले असतात. मुंबईत नऊ म्हणजे संध्याकाळ. रत्नागिरीत नऊ म्हणजे नऊ. दुपारी एक ते चार आमची दुकानं झोपतात, हे पाव्हण्यारावळ्यांना चेष्टेचं वाटतं. पण रात्री साडेआठला तीच दुकानं दुपारच्या झोपेने थकून परत मिटायला लागतात, हे त्यांना ठाऊक नसतं. मग मी स्कूटरला किक मारून रामआळीत, अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून कमरेत वाकून आत. ज्यांना पोरं आहेत अशा रत्नागिरीतल्या सगळ्या बापांची कंबर तेव्हा याच एका कोनात गेलेली होती.

स्टेशनरीवाल्याकडे शाळेचं वेळापत्रक शाळेपेक्षा पक्कं असे. राजवाड्याच्या रात्री मी आत वाकलो तसा तो गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाला,

"राजवाडा ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"संध्याकाळपासून एकवीस राजवाडे गेले. थर्माकोल दोन शीट उरलाय. लाल कागद संपला. लाल हवा तर उद्या दहाला या."

"उद्या साडेसातची शाळा आहे हो."

"मग पिवळा न्या. राजा काय बघायला येतोय?"

पण मला पिवळा पटेना. आमचा राजवाडा जांभ्याचा, लाल. विषय होता "आपल्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू", आणि वास्तू खोट्या रंगाची करणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मला तत्त्वं आहेत हे मला त्या रात्रीच समजलं. गॅरेजमध्ये फाटकाचा लाल ऑइलपेंट शिल्लक होता. भिंती कापून, टाचण्या टोचून, साडेअकराला मी पहिला हात मारला आणि बघता बघता भिंतीचं गोमूत्र झालं. ऑइलपेंट लागला की थर्माकोल विरघळतो, हे विज्ञान मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असेल तर त्या दिवशी मी भेंडीचे ठसे मारत असणार.

ब्रिटिशांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८५ साली गादीवरून खाली ओढलं, १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला १९१० साली. म्हणजे सूर्य न मावळणाऱ्या साम्राज्याला, इंजिनिअर, गवंडी, सुतार आणि तिजोरी हाताशी असताना, चोवीस वर्षं लागली. मला सकाळी सातपर्यंत वेळ होता आणि हाताशी एक जुनी कात्री.

शेवटी आई उठली. तुळशीवृंदावन सारवायचा गेरू तिने डब्यात राखून ठेवलेला असतो. "हा घे, आणि झोप एकदाचा," म्हणाली. गेरू फेविकॉलमध्ये कालवला आणि काय सांगू, हुबेहूब जांभा! फक्त वाळल्यावर हात लावला की हाताला येई. खऱ्या राजवाड्यात रंगीत काचा आहेत, म्हणून जिलेटिनच्या कागदातल्या आठ गोळ्या मी त्या रात्री खाल्ल्या. लेक साडेनऊलाच झोपली होती. तिचा सहभाग म्हणजे झोपण्यापूर्वी तिने फेविकॉलचं झाकण सापडवून दिलं.

सकाळी वर्गात गेलो तर तीन बाकांवर राजवाडे, आणि प्रत्येक राजवाड्यामागे लाल डोळ्यांचा एकेक बाप. कुणाचे बाबा काय करतात हे हजेरीपटापेक्षा त्या बाकांवर नीट कळत होतं. एका सुताराच्या मुलाचा राजवाडा सागवानी होता, पॉलिश मारलेला. तो दोघांनी उचलून आणला होता. शिंपीणबाईंच्या मुलीच्या राजवाड्याला झालरीचे पडदे होते. पण सगळ्यांवर कडी केली एका वायरमनच्या चिरंजिवाने. त्याने राजवाडा न करता रत्नदुर्ग केला होता, आणि त्याच्यावरचं दीपगृह लुकलुकत होतं.

पाहुणे म्हणून आलेले निवृत्त गुरुजी त्याच्यापुढे थांबले. "वा! बाळ, हे कसं केलंस?"

बाळ म्हणालं, "मला माहीत नाही. बाबा म्हणाले, हात लावायचा नाही, मरशील."

मग आमच्याकडे आले. त्यांनी कौतुकाने राजवाड्याच्या छपरावर हात ठेवला. त्यानंतर त्यांनी ज्या ज्या पोराच्या गालाला हात लावला ते पोर शिमग्यातून आल्यासारखं दिसायला लागलं. "तू स्वतः केलास?" त्यांनी विचारलं. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. वर्गातले सगळे बाप छताकडे बघत होते. "हो," ती म्हणाली, "मी झाकण शोधलं."

सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंद आली : "प्रकल्प स्वतःहून आवडीने करते." ती नोंद मी ऑफिसात चार जणांना दाखवली.

पण राजवाडा हा त्यातल्या त्यात सुखाचा प्रकल्प. खरा छळ पावसाळ्यातला. "पाच झाडांची पाने वाळवून वहीत चिकटवा" हा उपक्रम ज्याने कुणी ठरवला तो माणूस घाटावरचा असणार याविषयी माझ्या मनात शंका नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला निम्मा तरी आमच्या गॅलरीत. जुलैत आमचे टॉवेल वाळत नाहीत, मीठ वाळत नाही, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते. आणि पान म्हणे वाळवा! आम्ही पानं जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत दाबून वर जातं ठेवलं. आठ दिवसांनी उघडलं तर डिरेक्टरीच वाळायला घालायची वेळ आली होती. मग मी पानांना इस्त्री केली. हळदीच्या पानावर इस्त्री फिरली आणि घरभर असा वास सुटला की आईने आतून विचारलं, "पातोळ्या कोण करतंय रे?"

त्यात आमच्या सासऱ्यांची आंब्याची बाग. मी वहीत एक पान चिकटवून खाली "आंबा" लिहिलं. सासरे चहाला आले होते, त्यांनी चष्मा लावला.

"हे कुठलं?"

"आंब्याचं."

"ते दिसतंय. हापूस, पायरी की रायवळ?"

"पप्पा, चौथीची पोरं आहेत."

"म्हणूनच सांगतोय. आत्ता नाही शिकली तर कधी?" त्यांनी पान अलगद सोडवलं, चुरडलं, हुंगलं, आणि "रायवळ" असा निकाल देऊन खिडकीबाहेर टाकलं. दुसऱ्या दिवशी भर पावसात छत्री धरून ते हापूसचं पान घेऊन आले. त्याच्या शेजारी पायरीचं, तुलनेसाठी. मला दोन्ही सारखीच दिसत होती. बाईंनाही दिसली असावीत, कारण त्यांनी एकावर फुली मारून "पुनरावृत्ती" लिहिलं. कुठल्यावर, ते आम्ही सासऱ्यांना आजतागायत कळू दिलेलं नाही.

बीजांकुरणाचं तर विचारूच नका. वाटीत ओला कापूस, कापसात वाल, आणि रोज निरीक्षण लिहायचं. चिरंजीव तिसरीत होते. पहिला दिवस : बी फुगले. दुसरा दिवस : साल फाटले. तिसरा दिवस : मोड आला. बोटभर मोड आलेले वाल पाहून मला प्रथमच एखादा प्रकल्प वेळेत होतोय असं वाटलं. चौथ्या दिवशी श्रावणी सोमवार होता. संध्याकाळी उपास सोडायला बसलो तर पानात बिरडं.

"कुठले गं वाल?" मी विचारलं.

"तिकडे खिडकीत होते ना, मूठभर. त्यात थोडे घरचे घातले. काय सुंदर मोड आले होते!"

"आई, तो प्रकल्प होता."

"अरे मेल्या, वालाला मोड आले की ते बिरडं असतं."

यावर काय बोलणार? चिरंजिवांनी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं : "चौथा दिवस : बी नाहीसे झाले." बाईंनी खाली शेरा दिला, "निरीक्षण चांगले. कारण शोधा." कारण समोर माळ ओढत बसलं होतं.

"टाकाऊपासून टिकाऊ" या सदराखाली आम्ही किती नव्या वस्तू विकत आणल्या याचा हिशोब मी ठेवलेला नाही, ठेवला असता तर बायकोने वाचला असता. टाकाऊ बाटल्या हव्यात म्हणून दोन दिवसांत चार बाटल्या सरबत प्यायलो. आइस्क्रीमच्या काड्या मात्र दुकानात आयत्या मिळतात, शंभराचं पाकीट, कोरं करकरीत टाकाऊ. फुकट मिळे ती करवंटी. त्यामुळे आमच्या शाळेत करवंट्यांची कासवं इतकी झाली होती की एकदा सुट्टीत शिपाई ती घमेल्याने भरताना मी पाहिला. माडाच्या हिरांचं घर करायचं होतं तेव्हा मी खराट्यातले थोडेसेच हीर घेतले. थोडेसेच, रोज. महिन्याभराने सौ. अंगणात मूठभर काड्या हातात धरून उभी होती आणि म्हणाली, "याने मी आता अंगण झाडू की दात कोरू?"

शंखशिंपल्यांचा तक्ता करायला आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, पोतंभर शिंपले मिळाले. रात्री जेवणानंतर कार्डशीटवर ओळीने चिकटवले, खाली नावं लिहिली, तक्ता जमिनीवर वाळत ठेवला आणि दिवे घालवले. सकाळी बघतो तर "शंख" असं लिहिलेल्या चौकोनात शंख नाही. फेविकॉलची एक लांब रेघ "कवडी"वरून, "शिंपला"वरून, तक्त्याच्या बाहेर, थेट फ्रिजखाली गेलेली. आत खेकडा होता हो! बिचाऱ्याला रात्रभर पाठीवर घर आणि घरावर फेविकॉल घेऊन ओढत जावं लागलं. चिरंजीव त्याला परत भाट्याला सोडल्याशिवाय शाळेत जायला तयार होईनात. मी ऑफिसात उशिरा पोचलो. साहेबांनी कारण विचारलं. "खेकडा सोडायला गेलो होतो" हे वाक्य मी पूर्ण आत्मविश्वासाने म्हणालो, आणि साहेबांनी मान हलवली. त्यांनाही तिसरीतला नातू होता.

आणि वेशभूषा स्पर्धा. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६. त्यामुळे २३ जुलैला आमच्याकडे कुठल्याही शाळेत टिळकांना तोटा नसतो. चिरंजीव दुसरीत असताना आम्ही त्यांना टिळक केलं. धोतर माझं, चौपट दुमडलेलं, उपरणं देवाचं, पगडी कार्डशीटची, मिशा काजळाच्या. वाक्य एकच, शेंगांचं, महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला येतं ते. रिक्षा मारुती मंदिरापाशी पोचेपर्यंत अशी काही सर आली की पगडीने मान टाकली आणि मिशा हनुवटीपर्यंत उतरल्या. शाळेच्या हॉलमध्ये शिरलो तर रांगेत अकरा टिळक. काही उभे, काही रडत, एक शू लागलेला. आमचा बारावा.

एकामागून एक टिळक पुढे येत होते, "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही," असं ठणकावत होते आणि पाय आपटून जात होते. सातव्या टिळकापर्यंत परीक्षकांचं डोकं दुखायला लागलेलं स्पष्ट दिसत होतं. आमच्या टिळकांनी खिशात खऱ्या शेंगा ठेवल्या होत्या, त्या त्यांनी वाट बघताना संपवल्या, त्यामुळे ऐनवेळी ते माइकपुढे उभे राहून विचारात पडले आणि हळूच म्हणाले, "मी थोड्या खाल्ल्या." टाळ्या बऱ्या पडल्या.

मग शेवटचा स्पर्धक आला. गोणपाट अंगाभोवती शिवलेलं, मधे दोरीने आवळून दोन फुगवटे काढलेले, वर फक्त डोळे. तो काही बोलला नाही. बारा टिळकांच्या समोर जाऊन गप्प उभा राहिला. परीक्षकांनी खाली वाकून विचारलं, "तू कोण रे?"

"शेंग."

पहिला नंबर शेंगेला गेला. एकमताने. आम्हा बारा टिळकांच्या बापांना उत्तेजनार्थ पेन्सिली मिळाल्या. घरी येताना रिक्षात चिरंजीव बराच वेळ बाहेर बघत होते, मग म्हणाले, "बाबा, पुढच्या वर्षी मी टरफल होणार."

तर, राजवाडा. त्या वर्षी गणपतीला तो मखर म्हणूनही वापरला होता; वरचा मजला काढून गणपती आत बसवला. दर्शनाला आलेले काका म्हणाले, "बाप्पाला ब्रह्मदेशला धाडलात काय?" पुढे २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि राजवाडा माळ्यावर गेला. थिबा त्याच्या राजवाड्यात १९१६ पर्यंत म्हणजे सहा वर्षं राहिला. माझ्या राजवाड्यात उंदीर त्याहून जास्त राहिले.

मी तो परत वर चढवणार, एवढ्यात दाराची बेल वाजली. सव्वानऊ झाले होते. खालच्या मजल्यावरचे शेजारी दारात उभे होते. त्यांचा धाकटा यंदा चौथीत आहे. चेहरा बघूनच मी ओळखलं. तो चेहरा मी कितीदा आरशात पाहिलाय.

"उद्या?" मी विचारलं.

"उद्या," ते म्हणाले. "ऐतिहासिक वास्तू. दुकानं बंद झाली हो."

मी काही न बोलता राजवाडा त्यांच्या हातात ठेवला. खालचा हजेरी क्रमांक खरवडला, गळालेल्या खिडक्या चिकटवून दिल्या. "थर्माकोल चालेल का पण आता?" त्यांनी भीत भीत विचारलं. "बंदीच्या आधीचा आहे," मी म्हणालो. "वारसा वास्तू म्हणून सांगा." रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून दोनदा सौ.ला फोन करून विचारलं, काही कळलं का.

संध्याकाळी राजवाडा परत आला. श्रेणी ब-१. दहा वर्षांत असा काय फरक पडला? मी पुठ्ठा उलटा केला. मागच्या बाजूला बाईंच्या लाल शाईतला शेरा होता. तो मी एकदा वाचला, मग चष्मा लावून वाचला, मग सौ.ने मोठ्याने वाचून दाखवला :

"स्वतः केल्याचे दिसते. प्रयत्न स्तुत्य. पुढच्या वेळी पालकांची मदत घ्यावी."